यंत्र आले, भाषा आली का? : दगडी छापखान्यापासून मोबाइलपर्यंत

महाविद्यालयातल्या शिकवण्यात तंत्रज्ञानाचा वापर हा विषय निघाला की बोलणे प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड आणि ॲप यांच्यापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. चर्चासत्रांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत असे बोलले जाते की जणू वर्गात यंत्र पहिल्यांदाच येते आहे. त्यात मुस्लिम समाजाचा उल्लेख आला तर आणखी एक वाक्य ठरलेले असते : हा समाज नव्या यंत्राला बिचकतो, म्हणून तालीममध्ये मागे राहिला.

इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. यंत्र वर्गात येऊन दोनशे वर्षे होत आली. उर्दू बोलणाऱ्या शिक्षकांनी आणि उलेमांनी त्यातले पहिले मोठे यंत्र ज्या उत्साहाने उचलले, तसे उदाहरण या देशात कमी सापडेल. पुढे काही यंत्रे मात्र आपल्या मुलांच्या डोक्यावरून गेली. असे का झाले, याचे उत्तर माझ्या मते एका प्रश्नात आहे : त्या यंत्रात विद्यार्थ्याची भाषा आणि लिपी होती का, आणि ती तिथे नेण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घेतले का?

हाच प्रश्न हातात धरून आपण हा इतिहास पाहू. तो केवळ उर्दूचा नाही. मराठीचाही आहे, आणि काही ठिकाणी दोघींचा एकच आहे.

दगड, शाई आणि कातिब

धातूचे खिळे जुळवून छापण्याची कला भारतात आधीपासून होती. कलकत्त्याला १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, तेव्हा तिथे उर्दू पुस्तके खिळ्यांनी छापली गेली. पण उर्दू वाचकाचे मन त्या छपाईत रमले नाही. त्याचे कारण नस्तालीक लिपीत आहे.

देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली एका ओळीत उभी राहतात. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप घेते. शेजारी कोण आहे त्यावरही त्याचा आकार ठरतो. नुक्ते कुठे बसवायचे हे दरवेळी नव्याने पाहावे लागते. चौकोनी खिळ्यांत हे सगळे बसवणे फार अवघड होते. म्हणून खिळ्यांनी छापलेली उर्दू पुष्कळदा अरबी वळणाच्या नस्ख लिपीत असे. ती वाचता येई, पण आपली वाटत नसे.

जर्मनीत ॲलॉइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास एक वेगळी पद्धत शोधली होती. बव्हेरियातल्या एका खास चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा आणि मग त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे शाई फक्त लिहिलेल्या जागी बसते आणि कोरी जागा स्वच्छ राहते. यालाच आपण शिळाप्रेस किंवा लिथो म्हणतो. दगडावर थेट लिहायचे तर उलटे लिहावे लागे. पण खास कागदावर सरळ लिहून ते दगडावर उतरवण्याची सोयही होती. म्हणजे कातिबाने आयुष्यभर जसे लिहिले तसेच लिहायचे, आणि त्याच्या एका हस्तलिखिताच्या शेकडो प्रती निघायच्या.

हे यंत्र उर्दूला मानवले, कारण त्याने लिपी बदलायला सांगितले नाही. कातिबाची रोजी गेली नाही, उलट वाढली. १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी लखनौला छापखाना काढला. एका हिंदू गृहस्थाच्या या छापखान्यातून कुरआनपासून संस्कृत ग्रंथांच्या भाषांतरांपर्यंत सगळे छापले जाई. देवबंदचे दारुल उलूम १८६६ मध्ये सुरू झाले. त्याच्या संस्थापकांतले मौलाना मुहम्मद कासिम नानोतवी यांनी उमेदीच्या काळात छापखान्यांत मजकूर शुद्ध करण्याचे, म्हणजे आजच्या भाषेत मुद्रितशोधनाचे काम करून पोट भरले होते. मदरशाची पाठ्यपुस्तके, फतवे, हदीसच्या टीका हे सगळे शिळाप्रेसवर छापून गावोगाव गेले.

यात एक अडचण होती आणि उलेमांना ती दिसत होती. पूर्वीच्या तालीममध्ये किताब नुसती वाचून भागत नसे. ती उस्तादासमोर वाचायची, उस्तादाने चुका सुधारायच्या आणि मग शिकवण्याची इजाजत द्यायची. छापील पुस्तक कोणीही विकत घेऊ लागला तर इजाजतीची ही साखळी तुटेल, ही भीती खोटी नव्हती. त्यांनी छापखाना नाकारला नाही. पुस्तक छापले, आणि ते उस्तादापुढे बसून वाचण्याची रीतही चालू ठेवली. यंत्र आणि शिक्षक यांच्या नात्याचा प्रश्न आज आपण ऑनलाइन वर्गाबद्दल विचारतो, तो दीडशे वर्षांपूर्वी असा सोडवला गेला होता.

दिल्ली कॉलेज : उर्दूतून कलनशास्त्र

आधुनिक अर्थाने महाविद्यालय म्हणावे अशी जागा म्हणजे दिल्ली कॉलेज. अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीन मदरशाच्या इमारतीत ते १८२५ मध्ये सुरू झाले. तिथल्या पौर्वात्य विभागात गणित, खगोल, पदार्थविज्ञान हे नवे विषय उर्दूतून शिकवले जात. त्यासाठी पुस्तके हवी होती आणि ती कुठेच नव्हती. म्हणून १८४० च्या दशकात प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांच्या काळात भाषांतराची एक संस्था उभी राहिली. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून शंभराहून अधिक पुस्तके उर्दूत आणली. कॉलेजशी जोडलेल्या छापखान्यातून ती बाहेर पडली. पुढचे प्राचार्य अलॉइस स्प्रेंगर यांच्या काळात नियतकालिकेही निघू लागली.

या कॉलेजचे सर्वांत ठळक नाव मास्टर रामचंद्र. ते तिथेच शिकले आणि तिथेच गणित आणि विज्ञान शिकवू लागले. त्यांनी गणिताची उर्दू पुस्तके लिहिली, 'फवाइद-उल-नाजिरीन' आणि 'मुहिब्ब-ए-हिंद' ही नियतकालिके चालवली. कमाल आणि किमान मूल्यांच्या उदाहरणांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८५० मध्ये कलकत्त्यात छापले गेले. ते लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन या नामांकित गणितज्ञाच्या हाती पडले आणि त्याने १८५९ मध्ये ते लंडनहून पुन्हा छापवले. नजीर अहमद, मुहम्मद हुसैन आजाद, जकाउल्लाह हे पुढे उर्दूचे मोठे लेखक झालेले लोक याच कॉलेजचे विद्यार्थी होते. जकाउल्लाह यांनी तर पुढे गणिताची उर्दू पाठ्यपुस्तके लिहिण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला.

या उदाहरणात यंत्र कोणते होते? एक दगड, एक दाबयंत्र. तेच यंत्र त्या काळी शेकडो ठिकाणी होते. दिल्ली कॉलेजचे वेगळेपण एवढेच की तिथे यंत्राच्या आधी मजकुराचा विचार झाला. काय शिकवायचे, कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत हे शिक्षकांनी ठरवले आणि मग ते छापले.

१८५७ मध्ये हे सगळे कोसळले. प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले, पण ते रूप राहिले नाही आणि १८७७ मध्ये ते बंद झाले. उर्दूतून उच्च विज्ञान शिकवण्याची धारा दिल्लीत तुटली.

याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाजीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि ती पुढे अलीगढला नेली. इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे, व्याख्याने आणि १८६६ पासून उर्दू-इंग्रजी असे दुभाषी गॅझेट, हे तिचे काम. सर सय्यद खिळ्यांच्या छपाईच्या बाजूचे होते. यंत्राच्या वेगाला तीच पद्धत जुळते हे त्यांनी ओळखले होते. वाचक मात्र कातिबाच्या नस्तालीकला सोडायला तयार नव्हते. वाचकांचे प्रेम जिंकले. त्या प्रेमाची किंमत मात्र पुढे मोजावी लागली, ते खाली येईलच.

मुंबईचा दगड आणि मोडीचा धडा

शिळाप्रेस मराठीतही आला होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये दगडावर मराठी पंचांग छापले. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मराठी-इंग्रजी असे दुभाषी निघाले. बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि १८४० पासून 'दिग्दर्शन' मासिकातून शास्त्रविषयक लेख मराठीत आणत. दिल्लीत मास्टर रामचंद्र आणि मुंबईत बाळशास्त्री हे दोन गणित शिकवणारे शिक्षक जवळजवळ एकाच काळात एकच काम करत होते, हे आपल्या दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांत एकत्र कधी सांगितले जात नाही. सांगायला हवे.

पण मराठीने उर्दूपेक्षा वेगळी वाट घेतली. मराठीच्या तेव्हा दोन लिप्या होत्या. पोथ्यांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि दफ्तर, हिशेब, पत्रे यांसाठी मोडी. मोडी हात न उचलता भरभर लिहायची लिपी. खिळ्यांना तीही अवघड होती. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले होते, तरी मुंबई-पुण्याचा छापखाना हळूहळू बाळबोधीवर स्थिरावला. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरीचे सुबक खिळे केले. शाळेचे पुस्तक बाळबोधीत, वर्तमानपत्र बाळबोधीत. मोडी हाताने लिहिण्यापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतून आणि कचेरीतूनही गेली. आज महाराष्ट्रातले मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने पडून आहेत आणि ते वाचणारे थोडे. संगणकाच्या युनिकोड या जागतिक वर्णसंचात मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये. तोवर मोडीत घरची पत्रे लिहिणारी पिढी संपली होती.

मराठीने हा व्यवहार केला म्हणून तिची छपाई वेगाने वाढली, हेही खरे आहे. उर्दूने लिपी राखली आणि वेग गमावला; मराठीने वेग मिळवला आणि एक लिपी गमावली. यात कोण शहाणे ठरले हे सांगण्यात अर्थ नाही. पण यंत्रात ज्या लिपीला जागा मिळत नाही, तिचे वाचक दोन-तीन पिढ्यांत ओसरतात, एवढा धडा मोडीने दिला आहे.

उस्मानिया आणि औरंगाबाद

दिल्लीत तुटलेली धारा दक्षिणेत पुन्हा वाहू लागली. हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर विभाग, म्हणजे दारुत-तर्जुमा सुरू झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ मध्ये वर्ग भरू लागले. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी भाषांतराची कचेरी, मग वर्ग. इतिहास, तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी या विषयांची शेकडो पुस्तके उर्दूत आली. परिभाषा कशी घडवायची यावर वहिदुद्दीन सलीम यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा होता; पण समजून घेण्याची भाषा उर्दू होती.

या कामाचा मोठा भाग आपल्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. मौलवी अब्दुल हक हे शिक्षण खात्यातल्या नोकरीमुळे औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय १९१३ पासून सुमारे पाव शतक तिथेच राहिले. तिथून १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. पुढे विज्ञानासाठी 'साइन्स' नावाचे नियतकालिकही अंजुमनने काढले. उस्मानियाशी जोडलेल्या औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजचे अब्दुल हक प्राचार्य होते. बंद पडलेल्या दिल्ली कॉलेजचा इतिहास 'मरहूम दिल्ली कॉलेज' या नावाने लिहिला तोही त्यांनीच.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अर्धाच राहील. हैदराबाद संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. उर्दू घरात बोलणाऱ्या मुलाला उस्मानियाने जो दरवाजा उघडून दिला, तोच परभणी-नांदेडच्या मराठी घरातल्या मुलाला भिंतीसारखा वाटला. आपल्या भाषेत शिकण्याचा जो आनंद उर्दू मुलाला मिळाला, त्यावर मराठी आणि तेलुगू मुलाचाही हक्क होता. तो त्यांना मिळाला नाही. मराठी मुसलमान म्हणून आपण या दोन्ही बाजू जाणतो. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत अंगणात मराठी आणि ओसरीत दखनी उर्दू चालते. म्हणून या इतिहासाकडे केवळ अभिमानाने किंवा केवळ रागाने पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

१९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. दारुत-तर्जुमाची पुस्तके कपाटात गेली. मराठवाड्यात १९५८ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ आले. पण मराठीतून उच्च विज्ञान शिकवण्यासाठी दारुत-तर्जुमासारखे काम, तेवढ्या निष्ठेने आणि वर्गाच्या आधी, झाले का? कला शाखेत मराठी रुजली. विज्ञानाच्या वर्गात मात्र उर्दूची जागा मराठीने घेतली नाही, इंग्रजीने घेतली.

उपग्रहाचा वर्ग

स्वातंत्र्यानंतरचे मोठे यंत्र म्हणजे दूरचित्रवाणी. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. तो प्रयोग 'साइट' या नावाने प्रसिद्ध आहे. तो खेड्यांसाठी होता आणि स्थानिक भाषांत होता. पुढे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. इन्सॅट-१बी उपग्रहावरून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम दाखवले जाऊ लागले. पुण्यासह काही विद्यापीठांत त्यासाठी निर्मितीकेंद्रे उभी राहिली.

कार्यक्रम चांगले होते, काही तर उत्तम होते. पण मुख्य भाषा इंग्रजी होती. खेड्यातल्या शेतकऱ्याशी उपग्रह त्याच्या भाषेत बोलला आणि खेड्यातून शहरात आलेल्या कॉलेजच्या मुलाशी इंग्रजीत बोलला, असा हा उलटा प्रकार. उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी, हे यंत्र येण्याआधीच ठरून गेले होते. यंत्राने तो निर्णय फक्त दूरवर पोहोचवला. २००४ मध्ये शिक्षणासाठी खास एज्युसॅट उपग्रह सोडला गेला, तेव्हाही महाविद्यालयीन पातळीवर चित्र फारसे बदलले नाही.

यात दोन संस्थांची नोंद घ्यायला हवी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. एकाने मराठीतून आणि दुसऱ्याने उर्दूतून, घरी बसून शिकणाऱ्याच्या हातात स्वअध्ययनाची पुस्तके दिली. नोकरी करणारे, लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुली, कारखान्यातले कामगार यांना पदवीची वाट तिथून सापडली. साधे छापील पुस्तक आणि टपाल हेच त्यांचे मुख्य तंत्रज्ञान होते, आणि भाषा ओळखीची होती म्हणून ते चालले.

इनपेजची वर्षे

सर सय्यदांच्या काळात टाळलेला प्रश्न संगणकाने पुन्हा समोर आणला. नस्तालीक यंत्रात कसा बसवायचा? दिल्लीत जन्मलेले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले अहमद मिर्झा जमील यांनी यावर उपाय काढला. सुटी अक्षरे जुळवण्याऐवजी त्यांनी अक्षरांचे जोड, अठरा ते वीस हजारांच्या घरात, हाताने रेखाटले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात बसवले. हाच नूरी नस्तालीक. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' वर्तमानपत्र त्यातून निघाले. दिल्लीत १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि भारतातल्या उर्दू छापखान्यांतून कातिबाची बैठक उठली. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ पासूनचे दैनिक तेवढे एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात राहिले.

इनपेजने उर्दू वाचवली, हे मान्य करावेच लागेल. पण त्याने तिला एका खोलीत कोंडलेही. इनपेजमध्ये लिहिलेला मजकूर इनपेजमध्येच दिसे. ईमेलमध्ये टाकला की चिन्हांचा कचरा होई. शोधयंत्राला तो सापडत नसे. म्हणून उर्दूचे शिक्षक आपल्या नोट्सचा फोटो काढून पाठवत, आणि फोटोत ना शोध घेता येतो, ना शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहता येतो.

मराठीची अवस्था वेगळी नव्हती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव हे फॉन्ट आठवा. एका संगणकावर लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अक्षरांची खिचडी. युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात होते, भारताचे इस्की मानकही त्याच वर्षीचे. तरी पंधरा-वीस वर्षे आपण फॉन्टच्या बेटांवर राहिलो. या काळात इंग्रजीत महाविद्यालयीन अभ्यासाचे प्रचंड साहित्य इंटरनेटवर साठले. मराठी आणि उर्दू शिक्षकांनीही लिहिले, पुष्कळ लिहिले. पण ते पेनड्राइव्हमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात राहिले.

नस्तालीकचे युनिकोड फॉन्ट आले, तेव्हा कोंडी फुटली. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आणि २०१४ मध्ये गुगलच्या नोटो मालिकेत नस्तालीक आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या रेख्ता या संकेतस्थळाने हजारो जुनी उर्दू पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली. ग्रंथालयाच्या कपाटात बंद असलेली पुस्तके आज बीडमधली मुलगीही मोबाइलवर उघडू शकते.

२०२० आणि त्यानंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एका आठवड्यात महाविद्यालये पडद्यावर गेली. तेव्हा तंत्रज्ञान म्हणजे काय हे प्रत्येक घराला कळले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७-१८ चे आकडे सांगतात की ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि शहरांत २३.४ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांना, शहरांत ४२ टक्के. तीन भावंडे आणि एक मोबाइल हे चित्र मोहल्ल्यात होते, तसे वाडीवस्तीवरही होते. त्यात वडील कामाला निघाले की मोबाइल त्यांच्यासोबत जाई.

या अडचणीवर पुष्कळ बोलले गेले. पण मोबाइल हातात आल्यावरही एक दुसरी अडचण उरते, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला येते. तिने 'जियाई तालीफ' शिकलेली असते. शेजारच्या बाकावरच्या मराठी माध्यमाच्या मुलीने 'प्रकाशसंश्लेषण' शिकलेले असते. समोरचा व्हिडिओ 'फोटोसिंथेसिस' म्हणतो. दोघींना विषय येतो, शब्द येत नाही. एकीची 'कशिश-ए-सिक्ल', दुसरीचे 'गुरुत्वाकर्षण', आणि पडद्यावर 'ग्रॅव्हिटी'. दोघी एकाच पुलावर अडकलेल्या असतात, पण एकमेकींना ते माहीत नसते. शिक्षकाला तीनही शब्द माहीत असले तर हा पूल पाच मिनिटांत ओलांडता येतो. व्हिडिओला ते जमत नाही, कारण मूल कुठून आले आहे हे त्याला ठाऊक नसते.

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. केंद्र सरकारचे स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी तिथून पूर्ण करू शकतो. पदवीचा एवढा भाग पडद्यावरून मिळणार असेल, तर पडद्याची भाषा कोणती हा पदवीचाच प्रश्न झाला. भाषांतर करणारी सॉफ्टवेअरे आता आली आहेत आणि ती सुधारतही आहेत. तरी परिभाषेत ती घसरतात, आणि चूक पकडायला विषय आणि दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतोच.

इतिहासातून काय घ्यायचे

दिल्ली कॉलेज आणि उस्मानिया, दोन्ही ठिकाणी यश आले ते एकाच क्रमाने : आधी भाषांतर आणि परिभाषा, मग छपाई, मग वर्ग. दूरचित्रवाणी आणि संगणकाच्या वेळी आपण आधी यंत्र विकत घेतले आणि मजकूर कोणीतरी देईल म्हणून वाट पाहिली. आजही महाविद्यालयाच्या खर्चात स्मार्ट बोर्डला जागा असते. त्यावर दाखवायचे मराठी किंवा उर्दू साहित्य तयार करणाऱ्या शिक्षकासाठी वेळही नसतो आणि मानधनही नसते.

ही स्थिती बदलायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. नोट्स युनिकोडमध्येच लिहाव्यात, मराठी असोत वा उर्दू, म्हणजे त्या शोधता येतात आणि पुढच्या शिक्षकाला वापरता येतात. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांनी मिळून धड्यागणिक उर्दू-मराठी-इंग्रजी अशा तीन रकान्यांच्या शब्दयाद्या कराव्यात. एका वर्षात एका कॉलेजात हे काम होऊ शकते, आणि उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांनी ते एकत्र केले तर त्यांची शेजारच्या भाषेशीही ओळख होते. लांब व्हिडिओऐवजी दहा मिनिटांची ध्वनिफीत करावी. ती स्वस्त मोबाइलवर चालते, कमी डेटा खाते आणि मुलगी घरकाम करतानाही ऐकू शकते. आणि ऐकल्यानंतर मुलांनी ते शिक्षकासमोर आपल्या शब्दांत सांगावे. उस्तादापुढे किताब वाचून दाखवण्याच्या जुन्या रीतीत हेच होते.

मुस्लिम समाज यंत्राला घाबरतो असे कोणी म्हणाले, तर त्याला शिळाप्रेसचा इतिहास सांगावा. आणि आपल्यातलाच कोणी म्हणाला की मोबाइल आला, आता तालीम आपोआप होईल, तर त्याला दारुत-तर्जुमाचा इतिहास सांगावा. तिथल्या माणसांनी शब्द घडवण्यात आणि भाषांतरे करण्यात वर्षानुवर्षे घालवली, तेव्हा कुठे एका मुलाला आपल्या भाषेत वैद्यक शिकता आले. आज आपल्याकडे त्यांच्यापेक्षा हजारपट वेगवान यंत्रे आहेत. त्यांत घालायचा मजकूर मात्र आजही कोणीतरी बसून लिहावाच लागणार आहे, आणि तो लिहिणारे आपण शिक्षकच असू.